घाटातली वळणं: पहिल्यांदा सह्याद्री उतरणाऱ्या दुचाकीस्वारांसाठी

शहरात दोन-तीन वर्षं गाडी चालवली की हात बसतो. खड्डे, सिग्नल तोडून येणारे, मध्येच थांबणारी रिक्षा, सगळ्याचा अंदाज येतो. पण वळण शहर शिकवत नाही. तिथे आपण चौकात वळतो, तेही जवळजवळ थांबून. घाटात चालत्या वेगात वळायचं असतं, पुढचा रस्ता डोंगराआड असतो, एका बाजूला दरी असते, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तुम्ही नवीन आहात हे ठाऊक नसतं.

घाटात गाडी पडते वळणात, पण चूक बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. वेग जास्त राहिला, गिअर चुकला, लेनमधली जागा चुकली, हे सगळं गाडी झुकायच्या आधी ठरतं. एकदा आत शिरलात की दुरुस्तीला फार थोडं हातात राहतं. पुढे जे काही सांगतो आहे त्याचा रोख हाच आहे, की कामं वळणाआधी उरकायची.

निघण्याआधी

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. एकट्याने जाताना आणि डबलसीट जाताना मागच्या टायरचा आकडा बहुतेक गाड्यांत वेगळा असतो. तो स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. रोज सरळ रस्त्यावर चालून मागचा टायर मधून सपाट झाला असेल तर तो वळणात नीट झुकत नाही. थोडा वेळ अडतो आणि मग एकदम कडेवर जातो, त्यामुळे नवा माणूस दचकतो. असा टायर घेऊन घाटात जाऊ नका. अगदी कोरा टायरही सुरुवातीला गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभरेक किलोमीटर सपाटीवर काढा.

ब्रेकचे पॅड बघा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि लांब उतारावर तापलं की लिव्हर मऊ पडतो. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. शिवाय एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. साध्या एबीएसला गाडी किती झुकली आहे ते कळत नाही. ते आहे म्हणून वळणात ब्रेक दाबायला मोकळीक मिळत नाही.

हेल्मेट आयएसआयचं, तोंड झाकणारं, पट्टा लावलेलं. मागे बसणाऱ्यालाही तसंच. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला. चप्पल, सँडल नको.

पहिला घाट निवडताना

पहिल्यांदाच जात असाल तर ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी भर पावसात नको. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो, आणि आंबेनळीत दाट झाडी, धुकं आणि अरुंद रस्ता एकत्र येतात. माझ्या मते सरावाला वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट चांगला. डोंगर उघडा असल्यामुळे वरची बरीच वळणं खालूनच दिसतात, समोरून काय येतंय याचा अंदाज येतो. मात्र शनिवार-रविवारी नाही. पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत काही शिकता येत नाही. आठवड्यातल्या एखाद्या कोरड्या सकाळी जा. घाट चढा, उतरा, चहा घ्या, पुन्हा चढा. एकच घाट अनेकदा केल्याने हात जितका तयार होतो तितका एका दिवसात चार घाट उरकून होत नाही.

वळणाआधी: ब्रेक, गिअर, जागा

क्रम हाच ठेवा. गाडी सरळ उभी असताना ब्रेक लावून वेग उतरवा. दोन्ही ब्रेक वापरा, पुढच्यावर जास्त भर, पण हिसका नको; दाब वाढवत न्यायचा. मग खालचा गिअर टाका आणि क्लच अलगद सोडा. एकदम सोडलात तर मागचं चाक क्षणभर घसरतं, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. मग लेनमधली जागा घ्या. त्यानंतर गाडी झुकवायची, आणि वळण संपेपर्यंत हलकी, एकसारखी रेस ठेवायची. मध्येच क्लच दाबायचा नाही, मध्येच गिअर बदलायचा नाही.

टायरकडे पकड मर्यादित असते. वळताना तिचा मोठा वाटा वळण्यातच खर्च होतो. त्याच वेळी पुढचा ब्रेक करकचून दाबला तर दोन्हीला पुरेल एवढी पकड उरत नाही आणि पुढचं चाक निघून जातं. मागचं घसरलं तर कधीकधी सावरता येतं, पुढचं गेलं की गाडी आडवीच.

वेगाचं गणित एकदा आकड्यांत बघा. समजा हेअरपिनची, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो त्या आवळ वळणाची, त्रिज्या २० मीटर आहे. ताशी ३० ने गेलात तर गाडी साधारण २० अंश झुकवावी लागते. ४० ने गेलात तर ३२ अंश. ५० ने गेलात तर जवळजवळ ४५ अंश, आणि एवढी पकड कोरड्या, स्वच्छ डांबरावरही जेमतेम मिळते. शिवाय तोवर साध्या गाडीचे फूटरेस्ट रस्त्याला घासायला लागलेले असतात. ओल्या रस्त्यावर ४० लाच पकड संपत आलेली असते. स्पीडोमीटरवर दहाचा फरक किरकोळ वाटतो, कारण सरळ रस्त्यावर तो किरकोळच असतो.

थांबायचं अंतरही असंच झपाट्याने वाढतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला, धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, थांबायला वीसेक मीटर लागतात. ६० ला चाळीसेक मीटर. त्यामुळे किती वेगाने जावं याचं उत्तर समोर किती रस्ता दिसतोय यावर ठरवा. जेवढा दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. रस्ता अरुंद असेल तर समोरचाही तुमच्याकडे येतो आहे हे धरून, दिसतो त्याच्या निम्म्यात.

नजर कुठे

नवा माणूस पुढच्या चाकासमोरचा रस्ता बघतो. घाबरला की कठडा बघतो, नाहीतर समोरून येणारा ट्रक बघतो, आणि गाडी तिकडेच जाते. नजर जिथे खिळते तिकडे मान, खांदे आणि हात आपोआप वळतात. म्हणून डोकं वळवून, नुसते डोळे फिरवून नव्हे, वळणातून बाहेर पडायचं आहे त्या दिशेला बघायचं. हेअरपिनमध्ये हे विचित्र वाटतं, कारण जवळजवळ खांद्यावरून मागे बघावं लागतं. तरीही तसंच करा.

वळण किती तीव्र आहे हे ओळखायची एक खूण आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या जागेवर लक्ष ठेवा. ती जागा तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण उघडतं आहे. ती तुमच्याच दिशेने जवळ येत असेल तर वळण आवळत चाललं आहे आणि तुमचा वेग जास्त आहे. गाडी अजून सरळ असतानाच कमी करा. विजेचे खांब, झाडांची रांग किंवा कठडा बघून रस्त्याचा अंदाज बांधणारे बरेच असतात. त्यावर भिस्त ठेवू नका, तारा सरळ जातात आणि रस्ता फिरतो.

डावं वळण आणि उजवं वळण

आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे दोन्ही वळणांचे धोके सारखे नसतात.

डाव्या वळणात तुम्ही आतल्या बाजूला असता. डोंगर डावीकडे असेल तर पुढचं जवळजवळ काही दिसत नाही. वेग जास्त झाला तर गाडी उजवीकडे फेकली जाते, म्हणजे मधली रेषा ओलांडून समोरच्या वाहनावर. वळणात शिरताना लेनच्या मध्यावर किंवा किंचित उजवीकडे राहा, म्हणजे लवकर दिसतं. पण मधल्या रेषेला चिकटू नका. आणि आतल्या कडेला लवकर झुकायचा मोह आवरा. लवकर आत गेलं की बाहेर पडताना गाडी हटकून रुंद जाते. बाहेरचा रस्ता दिसायला लागेपर्यंत थांबा, मग आत या.

उजव्या वळणात तुम्ही बाहेरच्या बाजूला असता, जास्त दिसतं, म्हणून माणूस निर्धास्त होतो. इथे वेग चुकला तर डावीकडच्या गटारात, नाहीतर कठड्यावर. दुसरा धोका मात्र फार जणांना माहीतच नसतो. गाडी उजवीकडे झुकते तेव्हा चाकं तुमच्या लेनमध्ये असली तरी डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे जातात, आणि समोरून मधल्या रेषेला चिकटून येणाऱ्या गाडीचा आरसा नेमका त्याच उंचीवर असतो. म्हणून उजव्या वळणात चाकं रेषेपासून निदान हातभर डावीकडे ठेवा. अगदी डाव्या कडेलाही जाऊ नका, तिथे खडी साचलेली असते.

पुण्याहून चिपळूणला जाणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खंबाटकी घाटात वर्षानुवर्षं एकेरी वाहतूक राहिली आहे, त्यामुळे तिथे अख्खा रस्ता वापरत, वळणं कापत चढायची सवय लागते आणि मजाही येते. त्याच दिवशी उंब्रज, पाटण, कोयनानगर करत तुम्ही कुंभार्ली उतरता, आणि तो दुहेरी आहे. हात मात्र अजून खंबाटकीतच असतात. दुहेरी घाटात अर्धाच रस्ता आपला, मग समोर कुणी दिसो वा ना दिसो.

हेअरपिन आणि ट्रक

तुम्ही उतरताय, समोर उजवीकडचं हेअरपिन आहे, आणि खालून भरलेला ट्रक चढतोय. त्याच्यासाठी ते डावं आणि आतल्या बाजूचं, म्हणजे सगळ्यात आवळ वळण आहे. तो सरळ डावीकडे वळूच शकत नाही. आधी तोंड उजवीकडे, तुमच्या लेनमध्ये काढतो, मग डावीकडे फिरतो, आणि मागची चाकं आतल्या कडेला घासून जातात. यात त्याची दांडगाई नाही, गाडीच्या लांबीमुळे त्याला दुसरा मार्गच नसतो. तुम्ही वळणाच्या वरच, सरळ भागात डाव्या बाजूला थांबा आणि त्याला जाऊ द्या. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला तर त्याला पुन्हा उचलणं किती अवघड असतं ते ड्रायव्हरला विचारा.

आता तुम्ही त्याच ट्रकच्या मागून चढताय असं धरा. तो उजवीकडे गेला की त्याच्या डाव्या बाजूला मोकळी फट दिसते. तिथे कधीही घुसू नका. ती फट काही सेकंदांत त्याच्या मागच्या चाकांनी बंद होते. ऊसाच्या जोड ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हे आणखी जपा.

चढाच्या हेअरपिनमध्ये गाडी बंद पडते ती दुसऱ्या गिअरमध्ये रेटल्यामुळे. वळणाआधीच पहिला टाका, आणि आपल्या लेनच्या बाहेरच्या भागातून जा. आतल्या कडेला चढ फार उभा असतो. आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न द्या. रात्री डिपर द्या. समोरच्या दिव्यांचा उजेड दगडावर आधीच दिसतो. मात्र आपला दिवा सरळच पडतो, वळणाच्या आत नाही, त्यामुळे रात्री वेग दिवसाहून कमीच हवा.

उतार

न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरायची सवय आपल्याकडे अजून आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना रेस पूर्ण सोडली की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्च होतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि इंजिनाचा अडसर गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरने घाट चढाल साधारण त्याच गिअरने उतरा. दुसऱ्यात गाडी स्वतःच आवरली जाते, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. मागच्या ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरू नका. तापलेला ड्रम ब्रेक दाबला तरी लागेनासा होतो. तसं जाणवलं तर सरळ जागी बाजूला थांबून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.

रस्त्यावर काय पडलंय

पावसाळ्यात डोंगराच्या बाजूला, सावलीत, हिरवट काळी शेवाळाची पट्टी धरते. पाऊस संपल्यावरही अशा जागा सकाळी उशिरापर्यंत ओल्या राहतात. कोकणच्या बाजूला लाल मातीचा ओघळ रस्त्यावर येतो आणि वाळला की त्याची पूड होते. दोन्ही रूपांत घसरतं. गच्च भरलेल्या टाकीतून वळणावर डिझेल सांडतं. हेल्मेटमध्ये डिझेलचा वास आला की लगेच वेग उतरवा, डाग नंतर दिसतो. पांढरे रंगीत पट्टे ओले असले की त्यांच्यावरून झुकत जाऊ नका. पहिल्या पावसात, धूळ आणि तेल वर येतं तेव्हा, शक्यतो घाटच टाळा.

आणखी एक खूण नव्यांना माहीत नसते. रस्त्यात झाडाच्या ताज्या फांद्या किंवा दगडांची रांग दिसली तर पुढच्या वळणाआड ट्रक बंद पडलेला आहे असं समजा आणि तिथल्या तिथे हळू व्हा. ट्रक निघून जातो, दगड मात्र तिथेच राहतात. सुरक्षित जागा असेल तर थांबून ते बाजूला करा, रात्री एखाद्याचा जीव वाचेल.

धबधब्याखाली, माकडांपाशी, फोटोसाठी लोक वळणावरच गाड्या उभ्या करतात. वरंध्यात वाघजाईच्या मंदिरापाशी भज्यांच्या टपऱ्या आहेत, तिथे तर माणसं रस्ता न बघताच ओलांडतात. तुम्हाला थांबायचं असेल तर सरळ भागात, डांबराच्या पूर्ण बाहेर थांबा.

वेग जास्त झालाच तर

वळण अजून सुरू व्हायचं असेल तर गाडी सरळ ठेवून जोरात ब्रेक लावा. आत शिरला असाल तर ब्रेकवर झडप घालू नका आणि रेसही एकदम सोडू नका. बाहेर पडायच्या दिशेला बघा आणि ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं हँडल पुढे ढकला. डावीकडे जायचं तर डावं, उजवीकडे तर उजवं. ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या दुचाकीला झुकवण्याची रीत हीच आहे. टायर बरे असतील आणि रस्ता कोरडा असेल तर गाडी तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ जास्त झुकते. बरेच जण गाडीची हद्द संपायच्या आधीच हार मानून सरळ जातात. हे हँडल ढकलणं घाटात पहिल्यांदा करून बघू नका. मोकळ्या मैदानात ताशी ३० च्या आसपास, हळूच डावं-उजवं दाबून अंगवळणी पाडा.

डबलसीट आणि ग्रुप

मागे बसणाऱ्याला निघण्याआधी दोन गोष्टी सांगा: वळणात चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे बघायचं, आणि गाडीबरोबर झुकायचं. घाबरून उलट्या बाजूला झुकलं की गाडी वळत नाही.

ग्रुपमध्ये घाटात दोन ओळी मोडून एकामागे एक चला. सगळ्यात नवा माणूस पुढच्या लीडरच्या लगेच मागे ठेवा, शेवटी नको. शेवटचा माणूस कायम गाठायच्या घाईत असतो. पुढच्याच्या मागच्या दिव्यावर नजर लावू नका, तो चुकला तर तुम्हीही त्याच्याच मागे जाल. घाटमाथ्यावर किंवा पायथ्याला भेटायचं आधीच ठरवा. मग कुणालाही कुणाला पकडायचं राहत नाही.

कुणी पडलंच तर आधी वळणाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करून येणारी वाहनं थांबवा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. रुग्णवाहिकेसाठी १०८, नाहीतर ११२. जवळचा किलोमीटरचा दगड बघून त्यावरचा आकडा आणि गावाचं नाव सांगा, नुसतं 'घाटात' सांगून गाडीला जागा सापडत नाही. रेंज नसेल तर खाली जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला हीच माहिती द्या. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत; मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसं संरक्षण दिलेलं आहे. म्हणून मदत करताना कचरू नका.

परतताना

सकाळी केलेला घाट संध्याकाळी ओळखीचा वाटतो, पण तो आता उलटा आहे. सकाळचं प्रत्येक डावं वळण उजवं झालेलं असतं, उताराचा चढ झालेला असतो. अंग थकलेलं, रविवारची गर्दी, झाडांखाली सहा वाजताच अंधार. घाटमाथ्याहून कोकणात उतरणाऱ्यांच्या तर या वेळी मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि सावलीतला खड्डा दिसत नाही. चारच्या आत घाट ओलांडायचा असं निघतानाच ठरवा. ते जमलं नाही तर महाड, पोलादपूर, चिपळूण, साखरपा, जे गाव पायथ्याला असेल तिथे मुक्काम करा, घरी फोन करून सांगा आणि पहाटे उजाडल्यावर निघा.